दहावा माणूस

एल्यासाफ : दारात किती वेळ उभे राहणार, येरुहामकाका? आत या नाहीतर जा. अंधार पडायच्या आत जेवणं उरकायचीत, मग उद्या संध्याकाळपर्यंत प्रायश्चित्ताचा उपास, पाणीसुद्धा नाही.

येरुहाम : मला तासाभरासाठी तू हवायस. खाली गाडीत नऊ जण बसवून आलोय. तुझ्या बाबांच्या कबरीवर जायचंय.

एल्यासाफ : नऊ?

येरुहाम : दहावा ऐनवेळी फिरकलाच नाही. ज्याचा अपराध केला तो माणूस गेला असेल, तर दहा जण कबरीपाशी उभे करून त्यांच्यासमोर कबूल करायचं असतं. सगळी गल्ली पालथी घातली. जो तो उपासाआधीच्या स्नानाला गेलाय.

एल्यासाफ : म्हणून ज्याचा अपराध केलात त्या नाफ्तालीच्याच मुलाच्या दारात! कमाल आहे तुमची.

येरुहाम : लाज वाटतेय रे.

एल्यासाफ : शनिवारी सभास्थानात नाही वाटली. तासभर बोललात! तशुवा म्हणजे नुसता पश्चात्ताप नव्हे, तशुवा म्हणजे परत येणं. संदेष्टे लोकांना नुसतं रडा म्हणत नव्हते, मागे फिरा म्हणत होते. बायका डोळे पुसत होत्या. मी मागच्या बाकावर दातओठ खात बसलो होतो. तुमचं घर इथून दोनशे पावलं. ती चालायला एकतीस वर्षं लागली, आणि आलात ते बाबा गेल्यावर चार महिन्यांनी!

येरुहाम : बोल. बोलून घे.

झाहावा : (स्वैपाकघरातून) एल्यासाफ, कोण आलंय रे? माझं सूप उतू जातंय.

एल्यासाफ : कुणी नाही, आई. बरं, कबरीपाशी म्हणणार काय?

येरुहाम : सगळे म्हणतात तेच. माझ्या हातून हेत झालं.

एल्यासाफ : हेत! हेत म्हणजे नेम चुकणं, बाबांनीच शिकवलंय मला. बाण सोडला, लागला नाही. तुमचा कुठे नेम चुकला? तुम्ही दोघं एका मेजावर बसून दारावर लावायची पवित्र वचनं लिहायचात. तुमच्याकडून एक अक्षर राहिलं. तोवर चूक होती, कबूल. पण राहिलेलं अक्षर मागे जाऊन भरता येत नाही, अख्खं चर्मपत्र पुरावं लागतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुम्ही गुपचूप भरलंत. तपासनिसानं बाबांवर बोट ठेवलं, तेव्हा तोंड शिवून बसलात.

येरुहाम : चार लेकरं होती घरात. घाबरलो.

एल्यासाफ : आम्ही पाच होतो! पुन्हा कुणी त्यांच्या हातात लेखणी दिली नाही. मंडईत टरबुजांच्या पेट्या उचलायचे ते.

येरुहाम : मग आवोन म्हणू? वाकडं वागलो, असं?

एल्यासाफ : घासाघीस करू नका.

येरुहाम : बरं. पेशअ.

एल्यासाफ : अर्थ सांगा. सभास्थानात सांगता तसा.

येरुहाम : जाणूनबुजून. उघड्या डोळ्यांनी केलेला दगा. तेच केलं मी, तेच म्हणेन. गाडीत माझा जावई आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्यासमोर म्हणेन.

झाहावा : भाऊजी, बसा. तुमचा आवाज ओळखला मी. अहो, ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमचं अक्षर ते ओळखणार नाहीत होय?

येरुहाम : ठाऊक होतं? मग बोलला का नाही तो?

झाहावा : म्हणाले, त्याचं त्याला सांगू दे. दरवर्षी आजच्या दिवशी, माफी मागायच्या दिवशी, घराबाहेर पडायचे नाहीत. मी म्हणायची, मंडईतून कोंबडी तरी आणा. तर म्हणायचे, नको, येरुहाम येऊन गेला तर? तुमच्यासाठी मधाच्या केकचा तुकडा काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी उपास सोडताना तो मीच खायची.

येरुहाम : देवा! मी आलो होतो, वहिनी. दोन-तीनदा तुमच्या जिन्यापर्यंत आलो होतो.

झाहावा : मग वर यायचं होतं हो! चौदाच तर पायऱ्या.

एल्यासाफ : आई, हे मला कधीच बोलली नाहीस.

झाहावा : तू आधीच इतका पेटलेला. आणखी तेल कशाला ओतू? जा आता भाऊजींबरोबर.

एल्यासाफ : येतो. दहावा म्हणून उभा राहतो. पण काका, तुमचं बोलून झालं की सगळ्यांनी तीनदा म्हणायचं असतं, माफ केलं. ते माझ्या तोंडून निघणार नाही. शनिवारी घरी येताना म्हणून पाहिलं मी. खरंच पाहिलं. ‘माफ’च्या पुढे गेलो नाही.

येरुहाम : नऊ जण म्हणतील. तू नुसता उभा राहा.

एल्यासाफ : कदाचित पुढच्या वर्षी जमेल मला. पुढच्या वर्षी पुन्हा या.

येरुहाम : मी त्र्याऐंशीचा आहे रे, बाळा.

एल्यासाफ : ठाऊक आहे, काका. चला. जिना जपून उतरा.