डॉक्टर आमाले, गोळ्या त्यायले

घाटंजीहून सुटलेल्या एसटीत रत्नप्रभाबाईंनी पेपर मिटला आणि मागच्या सीटकडे कान लावला. कपाशी फवारून चक्कर आलेल्या बापूजींना माहेरी आलेली त्यांची बहीण ताना यवतमाळला नेत होती.

"दादा, गावात दवाखाना असून यवतमाळले कायले चाललो?"

"दवाखान्यासाठी आमचं अन् नाल्यापलीकडच्या गावाचं भांडण होतं. झेडपीच्या मेंबरनं समेट केला. डॉक्टर आमाले, गोळ्या त्यायले."

"मंग?"

"दोन्ही गावायनं मिळून निवडणुकीत पाडला त्याले."

"बरं केलं. नवा मेंबर कसा आहे?"

"शब्दाचा पक्का. आल्या आल्या बदल केला. आता गोळ्या आमाले, डॉक्टर त्यायले."

"मंग गोळ्या तरी घ्यायच्या."

"चिठ्ठी कोण लिहीन?"

"आता?"

"आता जुन्यालेच निवडून आणतो, ताना. त्याच्या टायमाले डॉक्टर तरी होता."