गेटापाशी ठेवलेला संडास

आम्ही हिंगोलीकडच्या. गावात जमीन न्हाई, रोज हाताला काम न्हाई, म्हनून नवऱ्यानं पुन्याची वाट धरली, त्याच्यामागं दीर आला, दिरामागं जाऊ आली, सुमन तिचं नाव. काय सांगू बाई तुम्हाला, जाऊ म्हनायची नुसती, सख्ख्या बहिनीनं लावला नसता असा जीव लावला तिनं मला. खराडीत तवा काचेच्या बिल्डिंगी उठत व्हत्या, कम्प्युटरवाल्यांच्या. आम्ही दोघी तिथं घमेली उचलायचो.

आता हे ऐकायला लाज वाटंल, पन लिवा. साईटवर बायांना आडोसा नसायचा. मग उजाडायच्या आधी एकदा जाऊन यायचं ते परत दिवस बुडल्यावर, आन मधी पानी प्यायचं न्हाई. चूळ भरायची, थुंकायची. नवी बाई कामाला आली की जुन्या बाया तिला आधी हेच शिकवायच्या, घमेलं नंतर.

मग एका साईटवर प्लास्टिकचे संडास आले, निळे, भाड्याचे. काम लई वर्षं चालनार, तर आधी एका वर्साचं भाडं ठरवून आनले म्हने. एक गड्यांचा, एक बायांचा, दारावर बाईचं चित्र. सुमन हसली, म्हनली ताई, ही तर फ्रॉकवाली हाय, आपल्याला आत सोडतील का. पन ठेवले कुठं, तर गेटापाशी, कारन मैला उपसायची गाडी आत चिखलात येत न्हाई. तिथंच चहाची टपरी, तिथंच मुकादमाची खुर्ची, ट्रकवाले तिथंच उभे. सुमन एकदा गेली, बाहेर आली तर एक ट्रकवाला म्हनला, लई वेळ लागला गं. सगळे हसले. त्या दिवसापासनं ती गेली न्हाई, आन तिचं बघून दुसरी कोनी बी न्हाई. आम्ही मुकादमाला म्हनलं, भाऊ, मागं भिंतीआड सरकवा. तो म्हनला, गाडीचा पाइप तितवर पुरत न्हाई. अहो, पाइपाला पाइप जोडायचा व्हता, दुसरं काय.

पुढं भाड्याची मुदत वाढवून घ्यायच्या टायमाला हापिसातला साहेब आला. बायांचं दार उघडून बघितलं, आत कोरडं ठनठनीत. म्हनला, बाया वापरतच न्हाईत, म्हंजे त्यांना गरज न्हाई. उचलून नेला. आम्ही घमेली डोक्यावर घेऊन बघत उभ्या. परक्या गड्याला हे सांगायचं कसं, तुम्हीच सांगा.

सुमनला जळजळ व्हायची, थंडी वाजून ताप यायचा, गोळी खाऊन कामाला यायची. मग पाय सुजले, तोंड सुजलं. सरकारी दवाखान्यात डाक्टरीनबाई म्हनली, दोन्ही किडन्या गेल्या, इतके दिवस पानी का पीत नव्हती ही. आन तवा तिला तहान लागायला लागली, अशी तहान, आन आता डाक्टरच पानी देऊ देईनात, सूज वाढती म्हनून. माझा हात धरून म्हनायची, ताई, एक घोट दे गं, इथं कोन बघतंय. पानी मागत मागतच गेली. मी आजबी रडते, खोटं कशाला बोलू.

दीर दुसरं लगीन करून गावाकडं गेला. सुमनची पोर माझ्याकडं ऱ्हायली, प्रज्ञा. तिला शिकवली, कर्वेनगरच्या कॉलेजात घातली, आता ती खराडीतच एका काचेच्या बिल्डिंगीत कामाला जाती. कोनत्या, ते मी विचारत न्हाई. सकाळी बाटली भरून देते. सांजच्याला आली की आधी तिच्या पिशवीतनं बाटली काढते. भरलेली आली की माझा जीव खालीवर. पोरगी म्हनती, मोठीआई, तिथं मशीनचं पानी असतं, तेच पिते मी. म्हनलं असंल, हेबी पीत जा. आता रोज रिकामी आनती. पिती का बेसिनात ओतती, देव जाने. पिती, असंच धरून चालते मी.

बघा, मघापासनं नुसती बोलतीय, तुमचा तांब्या तसाच हाय. प्या बाई, पोटभर प्या. संडास मागच्या बाजूला हाय, आडोशाला, तिकडं कोनी नसतं.