बोटभर रुंदीची पट्टी

...आणि वर मलाच विचारतात, 'एवढं काय त्यात, पट्टीच तर बदलायची होती ना?' अहो, पट्टीच! बोटभर रुंदीची पट्टी हो, बोटभर! तिने माझा अख्खा आठवडा खाल्ला आणि ढेकरसुद्धा दिला नाही.

तुम्हाला सांगतो, सगळं त्या विशालमुळे झालं. विशाल म्हणजे माझा पुतण्या, कॅनडाला गेला. जाताना लोक काय देतात? फ्रिज देतात, कपाट देतात... याने मला ग्रिल दिलं! तेही साधं जाळीचं नाही, चिनी मातीचं, अंड्यासारखं, पोटात कोळसे आणि वर बिजागरीचं हे जड झाकण. आमची आई बघताक्षणी म्हणाली, "ह्यो रांजण कित्याक हाडलंस?" झालं, तेव्हापासून तो रांजणच. विक्रोळीच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणजे दोन माणसं आणि एक श्वास, तिच्यात मावेना, मग जिन्याने गच्चीवर चढवला, चढवणारे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पण काय सांगू, लळा लागला हो मला त्याचा. खरंच लागला. घरात माझं ऐकणारा तेवढाच एक! वरचं भोक उघडलं की तापतो, बंद केलं की गप्प बसतो. आमच्याकडे दुसरं कोण असं वागतं?

तर त्या रांजणाचं तोंड आणि झाकण यांच्यामध्ये एक जाड, दाबलेल्या लोकरीसारखी पट्टी असते, गॅस्केट. ती जळून जळून झिजली, फट पडली, आणि धूर सगळीकडून बाहेर. आता गच्चीच्या बरोबर खाली राहतं कोण? वनमाला वहिनी! सोसायटीच्या सेक्रेटरी! आल्या तरातरा वर, पदर खोचून... "भाऊजी, माझ्या हॉलमध्ये बांगडा आलाय. मला बांगडा आवडतो, पण ताटात, सोफ्यावर नाही! रविवारी मी स्वतः येऊन बघणार. झाकणातून एवढासा धूर दिसला ना, तर तुमचा रांजण भंगारात. कळलं?"

कळलं. बोटभर रुंदीच्या पट्टीपायी माझा रांजण भंगारात?

गेलो स्टेशनजवळच्या कुकरवाल्याकडे. म्हटलं, गॅस्केट द्या. तो म्हणतो, "कितने लिटर का?" म्हटलं, लिटरचं नाही, रांजणाचं आहे. "सिटी बजता है?" म्हटलं, नाही बाबा, शिट्टी होत नाही. "फिर गॅस्केट नहीं, व्हॉल्व गया है!" घरी आलो तर आमची दर्शना, "अहो, फ्रीझरमध्ये ठेवा ना थोडा वेळ, माझ्या कुकरची रिंग सैल झाली की मी तेच करते." अगं, रिंग नाही, कापड आहे ते! कापड गार करून काय करू, डोक्यावर ठेवू?

शेवटी ऑनलाइन मागवली. आली कधी? शनिवारी! विशालला व्हिडिओ कॉल लावला, तो तिथून डोळे चोळत... "काका, सोप्पं आहे. जुनी खरवडा, कडा पुसून घ्या, नवीनला मागून गम आहेच, फक्त चिकटवा, झाकण लावा आणि एक दिवस हात लावू नका." सोप्पं! अहो, ती जुनी खरवडायला मी दर्शनाचं उलथनं घेतलं आणि कडा पुसायला तिचं नेलपॉलिश रिमूव्हर... त्यावर घरात जे झालं ते जाऊ द्या.

आणि मग अवतरले अनंतराव! आमचे शेजारी, जन्मभर इथल्याच कारखान्यात फिटर, रिटायर झाले पण हात अजून ड्युटीवर. पट्टी घेतली, मागचा गम अंगठ्याने चाचपला, आणि असं तोंड केलं जसं काही चहात मीठ पडलंय... "सहदेव, हे काय? स्टिकर? पोरांच्या वहीला लावतात ते? एवढ्या आगीत टिकणार हे? थांब!" गेले खाली, घेऊन आले गमाचा एक गंजका डबा. "आमच्या प्लांटवर भट्टीचे दरवाजे ह्याने बसवायचो आम्ही!" आणि ब्रशने असं थापलं, असं थापलं... पट्टीच्या खाली, पट्टीच्या वर, बाजूने ओघळ! म्हटलं, अनंतराव, जास्त होतंय. "फिटरला शिकवतोस?" आता विक्रोळीत राहून फिटरला कोण शिकवणार?

लावलं झाकण. एवढ्यात आई पोचली, तिला गच्चीवर यायला कोणी सांगितलं होतं? "असा नुसताच ठेवतंस? वजन ठेव रे वर! वजनाशिवाय पट्टी कशी बसतली?" आणि तिच्या लोणच्याच्या बरणीवरचा दगड चढला... झाकणावर!

रविवार उजाडला. सुरमईला मसाला चोळून मी वर. दगड काढला. झाकण उचललं... उचललं म्हणजे काय, ओढलं. हलेना! दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं. अनंतराव आले, ते ओढायला लागले तर झाकणाबरोबर अख्खा रांजण स्टँडवरून वर यायला लागला! आणि अनंतराव चक्क खूश हो! "बघितलीस? ह्याला म्हणतात पकड!" मला रडू यायचं बाकी होतं, कोळसे अजून पिशवीतच. बोटभर रुंदीची पट्टी...

आणि जिन्यात चपलांचा आवाज. वहिनी!

आल्या. रांजणाभोवती एक फेरी मारली. वाकल्या, झाकणाच्या कडेला नाक लावलं. माझ्या हातात कच्ची सुरमई, ती हळूच पाठीमागे लपवली. "धूर नाही..." पुन्हा हुंगलं. "वाससुद्धा नाही!" भीत भीत बोट लावलं, मग अख्खा तळवा टेकवला. "अगंबाई, आणि बाहेरून गरमपण लागत नाही! भाऊजी, झकास काम केलंत हो! आता तुमचा रांजण गच्चीवरून कोण हलवतो ते मी बघते. फक्त असाच ठेवा हं कायम!"

म्हटलं, वहिनी... आता दुसरा काही इलाजच नाही.