कूलरच्या गाठी

प्रशिक : मंग काय दिवाळीपर्यंत ठेवशीन कूलर खिडकीत? आषाढ पुनव आली माय!

तुळसाबाई : पुनव मले नको सांगू. आजपासून विहारात वर्षावास आहे. पांढरी साडी वाळत घातली मी सकाळीच.

प्रशिक : तेच तं! बाहेर पावसाची झड लागली अन् घरात कूलर चालू. भिंतीले बुरशी आली. दीक्षा खोकलून खोकलून बेजार आहे. डॉक्टरनं साफ सांगितलं, घरातली ओल काढा.

तुळसाबाई : नातीसाठी बटन बंद केलं ना आता? झालं. पण हलवू नको त्याले.

प्रशिक : बंद ठेवला तं बाजूच्या ताट्यांतलं ओलं खस सडन. काहून अडून बसली वं?

तुळसाबाई : तुले नाही समजत.

प्रशिक : सांगशीन तं समजन.

तुळसाबाई : त्या ताट्या मार्चात तुह्या बापानं सुतळीनं बांधल्या. मे महिन्यात गेले. त्यायच्या हातचं तेवढंच राह्यलं घरात. तुह्या हातात पकड पाह्यली का वाटते, आता तेही तोडशीन.

प्रशिक : …मले वाटलं, तुले गरमी होते.

तुळसाबाई : एवढ्या पावसात? तीन रात्री कुडकुडून राहिलो मी त्या हवेत, बंद केला तं तू काढशीन म्हणून.

प्रशिक : पण माय, बाबा दरसाल काय करत? झड लागली का कूलर खाली. जुनं खस सीताफळाच्या बुडाशी.

तुळसाबाई : अन् संगं प्रवचन! 'नागपूरचा उन्हाळासुद्धा जाते, तुळसे. सारं अनित्य आहे.' मी म्हणो, 'धम्म विहारात सांगा, इथं पाना धरा नीट.' चाळीस वर्षं तेच बोलले. चाळीस वर्षं मी हसलो. यंदा समजलं, तं सांगणारा नाही.

प्रशिक : थोडंसं खस ठेवू का तुह्या पेटीत?

तुळसाबाई : नको गा. त्यायनं कधी ठेवलं होतं का? वास तं कवाचाच गेला त्याचा. सीताफळालेच टाक. वर्षावास संपता संपता फळं येतीन.

प्रशिक : मंग कापू सुतळी?

तुळसाबाई : थांब! कापू नको. सरक, मी सोडतो.

(प्रशिक पकड खाली ठेवतो. तुळसाबाई खिडकीशी टेकून बसते.)

प्रशिक : लई आवळून बांधली आहे वं. नखं दुखतीन.

तुळसाबाई : दुखू दे. आवळूनच बांधत ते. हे पाह्य, आधी हा पेड ढिला करायचा, मंग मागून काढायचा. सुटली एक.

प्रशिक : पुढच्या मार्चात मले नाही जमन असं बांधणं. तयार ताट्या आणू बाजारातून.

तुळसाबाई : काहून? इकडं ये, नीट पाहून ठेव. मी सोडून राहिलो ना, तसंच उलटं करजो.