चिनी कॅमेऱ्याचा धनी

मुखरू : ...आता याच्यावर कोणी भरोसा ठेवणार नाई, साहेब. पण या कॅमेऱ्यासमोर खुद वाघ पोज देऊन बसला होता!

गोकुळा : मघाशी अस्वल होतं.

मुखरू : अस्वल वेगळं, वयनी. अस्वलाचा फोटो हलला.

प्रवीण : मुखरूभाऊ, मी नागपूरहून हा कॅमेरा विकत घ्यायला आलो. तासाभरापासून एकच विचारतो आहे. हा तुमचा, की तुमच्या भावाचा, भैयाजींचा?

मुखरू : माजाच.

गोकुळा : त्याईचाच होता, साहेब. माजा माणूस गेला, अन् तेरवीच्या दिवशी हे भाऊजी ‘धूळ बसते’ म्हणून उचलून घेऊन गेले. चार वर्षं झाली, धूळ काई झटकून नाई झाली.

प्रवीण : काही पावती?

गोकुळा : कशाची पावती? बल्लारशाच्या टेसनावर एका परदेशी माणसाजवळून घेतला त्याईनं. हातातलं घड्याळ देऊन.

मुखरू : ते घड्याळ माजं होतं!

गोकुळा : तुमच्या हातात घड्याळ मी जन्मात नाई पाह्यलं.

प्रवीण : ऐका, दोघंही ऐका. हा जुना चिनी कॅमेरा आहे. असे फार थोडे बनले, जमवणारे लोक शोधत फिरतात. मी एक लाख साठ हजार द्यायला तयार आहे. पण कागदावर खऱ्या मालकाचं नाव पाहिजे, पैसे त्यालाच. मागं एकानं दुसऱ्याचा माल मला विकला, मी चार वेळा ठाण्यात जाऊन बसलो. नक्की नाही झालं तर मी असाच परत जाईन.

गोकुळा : असे परत नका जाऊ, बापा. माजं अर्धं घर ताडपत्रीखाली आहे. भाऊजी, एकदा तरी सरळ बोला ना!

मुखरू : सरळच बोलून राह्यलो! जो वापरते, कॅमेरा त्याचा. म्हणून त वाघाचं सांगतो. तर बोडीच्या पारीवर, तळ्याच्या काठाले, तो बसला होता. पाणी पिऊन. पंधरा पावलांवर. पंजानं मिशा पुसून राह्यला. मी म्हणलो, थांब बापा, हलू नको. कॅमेरा डोळ्याले लावला, आन् पाहतो त काय, अंधार! वाघ नाई, पार नाई, काळंकुट्ट! वाघच म्हणला मंग...

गोकुळा : आता वाघ बोलून राह्यला.

मुखरू : डोळ्यानं बोलला व! काचेवरचं झाकण तसंच लागून होतं ना! झाकण काढलं, तवा कुठी वाघ दिसला. अशी चूक कोण करते? ज्याच्या हातात रोज कॅमेरा असते तो. लिहा, साहेब, माजं नाव.

गोकुळा : मंग त्या वाघाचा फोटो कुठी आहे?

मुखरू : त्यालेच देऊन टाकला. त्याचं तोंड, मी ठेवून काय करू?

प्रवीण : (कॅमेरा मुखरूच्या हातात देत) भाऊ, जरा डोळा लावा. काय दिसतं?

मुखरू : वयनी दिसते. तोंड फुगवून बसली आहे. काय साफ दिसते! कपाळावरची आठीपण.

प्रवीण : झाकण लागलेलंच आहे.

मुखरू : ...कुठी?

प्रवीण : पुढच्या काचेवर. यात पाहायची खिडकी वेगळी आणि फोटो काढायची काच वेगळी. झाकण असलं तरी समोरचं सगळं दिसतं. अंधार होतच नाही.

गोकुळा : म्हणूनच त त्याईनं दोन लग्नं झाकणासकट काढली होती! एक फोटो नाई निघाला. दोन्ही घरचे लोक मारायले आले होते आमच्या दारात.

मुखरू : अवं, तो वाघ...

प्रवीण : मुखरूभाऊ, या कॅमेऱ्यातून तुम्ही आज पहिल्यांदा पाहिलं.