रोममधलं दही

— अहो कौशिकभावजी, ते टेबल नका मोजू, माझं रोम आहे ते! राहू दे तिथंच. बसा आधी. तुमच्या साहेबांनी सामानाचा अंदाज घ्यायला पाठवलंय ना, घ्या, पण चहा पिऊन घ्या. साहेबांची पाटण्याला बदली झाली की बँकेतल्या ज्युनिअरनं त्यांच्या घरची कपाटं मोजायची — हे कुठल्या नियमात बसतं हो? हसताय काय!

काय म्हणालात — खरंच कादंबरी लिहिताय का? मग काय, बसून मटार सोलते असं वाटलं होतं? दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम. लढाया नाहीत, बादशहा नाहीत — पाव कुठून आणायचा, दिव्यात तेल कोण घालतं, शेजारीण काय बोलली, असलं. सबिना म्हणून एक बाई आहे, तिचा नवरा रूफस, धान्याच्या सरकारी गोदामात कारकून. त्याची सारखी बदली. — असे बघू नका माझ्याकडे, योगायोग आहे. बरं, नाहीये योगायोग. मला जे येतं तेच मी लिहिणार ना? मला गाद्या गुंडाळता येतात.

चुका? होतात की! पहिल्या प्रकरणात सबिनानं आमटीत टोमॅटो घातला, वर हिरवी मिरची. ह्यांनी लगेच पकडलं — 'अगं, तिकडे तेव्हा टोमॅटो नव्हता!' मतलब, हा माणूस फायलीतली चूक सोडत नाही आणि आमटीतलीही नाही. काढला टोमॅटो. मग परवा रूफस निघतो तो प्रसंग वाचून दाखवला — बंदरात जहाज लागलंय, सबिना दारात येते आणि त्याच्या हातावर दही ठेवते. हे इतके हसले, इतके हसले — 'रोमन माणसाच्या हातावर दही?' मीही हसले. लिहिण्याच्या भरात गेलं हातून.

पण तुम्हीच सांगा — इंटरव्ह्यूला निघताना तुमच्या आईनं दिलं असेल ना दही — ते कोण देतं? निघणारा देतो? नाही ना. घरी राहणारा देतो. आमच्या एवढ्या बदल्या झाल्या, भोपाळ काय, रायपूर काय, ह्यांच्या हातावर मी कधी दही ठेवलं नाही — कशी ठेवणार, मीच ट्रकपाशी भांड्यांच्या पोत्यांवर ओरडत असायचे! म्हणजे सबिना जातच नाहीये जहाजावर. लिहिताना मला कळलं नाही, ऐकताना ह्यांना कळलं नाही. दही खोडून मी मध घातला, तरी बया दारातच उभी. आणि खरं सांगू? मला आवडतंय तिचं ते उभं राहणं. दर गावात ही कादंबरी सुरू केली आणि दर गावात ती खोक्यात गेली. कंटाळा आलाय हो मला. ह्या वेळी पुरी करायचीय, इथंच, बनी पार्कातल्या ह्याच घरात, ह्या खिडकीशी. रिटायर होईपर्यंत हे तिकडे राहतील आणि मी —

अहो, चहा सांडला शर्टावर! एवढं काय झालं? नाही, ह्यांना नाही सांगितलेलं. सांगणार कधी, माझं मलाच आत्ता बोलताना कळलं.

फोन वाजतोय तुमचा. हेच असणार, ट्रक केवढा लागेल ते विचारायला. नका उचलू — नाही, थांबा, द्या इकडे. अर्धा पुरेल, हे मीच सांगते. तुम्ही बाहेर थांबा जरा, फोन देते आणून. आणि दार ओढून घ्या.