एंट्रीला टाळ्या

दवाखान्यात दिवसभर जखमा बांधणाऱ्या कंपाउंडरने निम्मा भयपट घाबरून डोळे मिटूनच पाहिला होता. मध्यंतरात तो घरी सटकणार होता, पण घसा कोरडा पडला म्हणून आधी चहाच्या रांगेत उभा राहिला. पुढे एक सासू-सून होत्या.

"अहो आई, झेपत नसेल तर निघू या. हा जुन्या सिनेमाचा नवा भाग काढलाय. मी आधीचे सगळे पाहिलेत, तुमचा पहिलाच."

"छे गं! हीरो काय जबरदस्त आहे!"

"हीरो? तो तर सुरुवातीलाच मेला."

"तो कुरळ्या केसांचा? तो कसला हीरो! मी मुखवटेवाल्याचं म्हणतेय."

"आई, तो खुनी आहे!"

"मग तो आल्यावर अख्ख्या थिएटरने टाळ्या का वाजवल्या? तूसुद्धा वाजवल्यास."

"ते... जुन्या भागांपासून ओळखीचा आहे ना, म्हणून."

"तेच तर! ओळखीचा माणूस दार ठोठावतोय आणि ती पोरगी आतून दाराला कपाट लावतेय!"

"त्याच्या हातात कुऱ्हाड होती!"

"कामावरून थेट आला असेल."

"आणि माळ्याला मारलं ते?"

"मारलं? मला वाटलं, माळी पडत होता, याने सावरलं."

घंटा वाजली. कंपाउंडरने चहा घशात ओतला आणि दोघींच्या मागोमाग आत शिरला.

पडद्यावर अंधारं घर होतं. दाराबाहेर मुखवटा उभा राहिला. सगळे श्वास रोखून बसले. तेवढ्यात मधल्या रांगेतून खणखणीत आवाज आला,

"अगं ए, कडी काढ की! केव्हाचा ताटकळलाय तो!"

कंपाउंडरने दोन बोटं तोंडात घातली आणि सणसणीत शिट्टी मारली.